बालसेवांच्या वार्तापत्रासाठी लेख कसा लिहावा

बालसेवांचं वार्तापत्र उघडणाऱ्या पालकाच्या मनात बहुतेकदा एखादी काळजी असते. मूल अजून बोलत नाही, रात्री दचकून उठतं, शाळा सुटल्यावर सांभाळायला कोणी नाही. लेख त्या पालकासाठी लिहायचा, संस्थेच्या कौतुकासाठी नाही.

लिहायला बसण्याआधी संपादकांशी बोला. विषय सांगा, शब्दमर्यादा आणि मजकूर कधीपर्यंत द्यायचा ते विचारा. अंक वाचकांच्या हाती कधी पडणार, हेही विचारा. नावनोंदणीची मुदत त्याआधीच संपणार असेल, तर तो लेख कोणाच्याच कामाचा नाही.

एका लेखात एकच सेवा घ्या आणि पालकाला लागणारी गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा. ‘केंद्राच्या वतीने भाषाविकासविषयक मार्गदर्शन सत्रांचे आयोजन करण्यात आले आहे’ हे वाक्य वाचून कोणी जागचं हलणार नाही. त्याऐवजी लिहा: ‘तुमचं मूल दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर आमच्या वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटा.’ लगेच पुढे वार, वेळ, शुल्क, फोन नंबर, मुलाला सोबत आणायचं की नाही, कोणते कागद लागतील. हे सगळं वरच्या दोन परिच्छेदांत बसवा. जागा कमी पडली की मजकूर सहसा खालून कापला जातो.

मुलाची गोष्ट सांगणार असाल, तर इथे मात्र घाई नको. नाव बदललं की ओळख लपते, हा समज चुकीचा आहे. ‘चौथीतला, चाकाची खुर्ची वापरणारा, जुळ्यांपैकी एक’ एवढं लिहिलं तरी त्याची सगळी शाळा त्याला ओळखेल. लेखाला ज्याची गरज नाही, तो प्रत्येक तपशील काढा. फोटोतला गणवेश, गळ्यातलं ओळखपत्र, घराची पाटी यांवरूनही पत्ता लागतो. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते, ती पाठवण्याआधी पुसा. चित्र रंगवणारे हात किंवा पाठमोरं मूल दाखवूनही छान फोटो होतो.

संमती लेखी घ्या आणि ती कशासाठी आहे ते स्पष्ट लिहा: फक्त छापील अंक, की इंटरनेटवरही? छापून वाटलेला अंक परत घेता येत नाही, हे आधीच सांगा. पालकांपासून दूर, संस्थेत किंवा दुसऱ्या कुटुंबात राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत संमती देण्याचा अधिकार कोणाला आहे, याची खात्री त्याच्या प्रकरणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडून करून घ्या. आणि मुलालाही विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात कलम 12 मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं आहे, कलम 16 त्याच्या खासगीपणाचं. पालक हो म्हणाले आणि मूल नको म्हणालं, तर माझ्या मते ती गोष्ट छापू नये.

शब्दही जपून वापरा. ‘ऑटिझमग्रस्त’ नको, ‘ऑटिझम असलेली मुलगी’ म्हणा. ‘बिचारा’, ‘दुर्दैवी’ हे शब्द गाळाच. ते मूल मोठं झाल्यावर हाच लेख वाचू शकतं.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर जुन्या फॉन्टमधली अक्षरं दुसऱ्या संगणकावर विस्कटतात. फोटो मजकुरात न चिकटवता वेगळ्या फाइलमध्ये द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे छपाईपुरता दर्जा टिकतो. सोबत फोटोओळ, छायाचित्रकाराचं नाव आणि संमतीपत्र जोडा.

संपादित मजकूर छपाईआधी पाहायला मिळेल का, हे विचारून ठेवा. तो आला की तारखा तपासा आणि लेखातला फोन नंबर स्वतः लावून पाहा. पलीकडे फोन उचलणाऱ्यालाही सांगून ठेवा की अमुक अंकात लेख येतोय, पालकांचे फोन येतील.