लिबर्तादोरेसच्या उपांत्य फेरीआधी करावयाची तयारी

कोपा लिबर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकेतील फुटबॉल क्लबांची सर्वांत मानाची स्पर्धा. तिची उपांत्य फेरी अलीकडे अनेकदा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येते, म्हणजे आपल्याकडे फराळाचे डबे भरले जात असतात किंवा रिकामे होत असतात तेव्हा. चार संघ, दोन जोड्या, प्रत्येक जोडीचे एकमेकांच्या मैदानांवर दोन सामने आणि त्या दोन सामन्यांमध्ये साधारण आठवडाभराची उसंत, एवढाच हा मामला असला तरी तो नीट पाहायचा असेल तर तयारी निदान सात दिवस आधी सुरू करावी.

सर्वप्रथम घड्याळ आणि तारीख जुळवून घ्यावी. हे सामने तिकडच्या मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारच्या रात्री होतात आणि सुरुवातीची वेळ बहुधा ब्राझील-अर्जेंटिनाच्या घड्याळात साडेनऊची असते. आपण त्यांच्या साडेआठ तास पुढे आहोत, त्यामुळे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजलेले असतात. सामना इक्वेडोरमधील किटोला असेल तर तिथे साडेसात वाजलेले असतात, आपले मात्र सहाच. घोटाळा होतो तो तारखेचा, कारण वेळापत्रकात २२ ऑक्टोबर छापलेले असेल तर गजर २३ तारखेचा लावावा लागतो. २०२५ मध्ये ब्राझीलचा फ्लामेंगो आणि अर्जेंटिनाचा रासिंग यांची पहिली लढत रिओच्या माराकानावर २२ ऑक्टोबरच्या रात्री झाली आणि आपल्याकडे ती भाऊबीजेची सकाळ निघाली. त्या सामन्यातला एकमेव गोल होर्हे कारास्कालने ८८व्या मिनिटाला केला, तेव्हा आपल्याकडे पावणेआठ उलटून गेले होते. पाटावर बसलेल्या भावाची नजर निरांजनाकडे नसून भलतीकडेच का आहे, हे त्या दिवशी काही बहिणींना वेगळे सांगावे लागले नसेल.

सामना संपण्याची वेळही आधीच हिशेबात धरावी. मध्यंतर आणि भरपाई वेळ मिळून आठ वाजतात, आणि परतीचा, म्हणजे दुसरा, सामना पेनल्टी शूटआउटपर्यंत गेला तर सव्वाआठ-साडेआठ. ज्यांना लोकल पकडायची आहे त्यांनी आठवडाभर आधीच कार्यालयात उशिरा येण्याची परवानगी काढून ठेवावी, आणि ती पहिल्या सामन्यासाठी न वापरता परतीच्या सामन्यासाठी राखून ठेवावी.

प्रक्षेपण कोणत्या वाहिनीवर किंवा ॲपवर आहे, हे दरवर्षी नव्याने तपासावे, कारण भारतातील हक्क एकाच ठिकाणी टिकतील असे गृहीत धरता येत नाही. सामना मोबाइलवर किंवा इंटरनेटवरून पाहणार असाल तर चित्र मैदानाच्या काही सेकंद मागे असते, आणि धावसंख्या कळवणाऱ्या ॲपची सूचना त्या चित्राच्या आधी येऊन धडकते. पेनल्टी घेणारा खेळाडू अजून चेंडू ठेवत असताना खिशातला फोन थरथरला की पुढचे सगळे बेचव होते. म्हणून आदल्या रात्रीच अशा सर्व सूचना बंद कराव्यात आणि ज्या मित्रांना राहवत नाही त्यांच्या गटाचा आवाजही बंद करावा. राउटर इन्व्हर्टरला जोडलेला आहे ना, हे पाहून घ्यावे. घरातली माणसे झोपलेली असतात, त्यामुळे हेडफोन रात्रीच चार्जिंगला लावावेत आणि चहा थर्मासमध्ये भरून ठेवावा, कारण पहिल्या दहा मिनिटांत स्वयंपाकघरात गेलेला माणूस नेमका गोल हुकवतो.

यानंतर नियमांची उजळणी करावी, कारण जुन्या आठवणीवर विसंबणारे प्रेक्षक इथेच फसतात. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून विजेता ठरतो. पूर्वी बेरीज समान झाली तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जात असे. तो नियम २०२२च्या हंगामापासून रद्द झाला आहे. आता बेरीज समान राहिली तर जादा वेळ न खेळवता थेट पेनल्टी घेतल्या जातात, आणि जादा वेळेची तरतूद केवळ अंतिम सामन्यासाठी आहे. हा बदल किरकोळ नाही. २०१८ मध्ये अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट आणि ब्राझीलचा ग्रेमिओ यांची बेरीज २-२ झाली होती आणि २०२१ मध्ये ब्राझीलच्याच पाल्मेरास व अत्लेतिको मिनेरो यांची १-१. दोन्ही वेळा परक्या मैदानावरच्या गोलाने निकाल लावला. आजच्या नियमाने त्या दोन्ही जोड्या पेनल्टीच्या ठिपक्यापाशी गेल्या असत्या, आणि त्या दोन्ही वर्षांचे विजेते, रिव्हर आणि पाल्मेरास, कदाचित अंतिम सामन्यातही दिसले नसते.

दुसरा सामना कोणाच्या घरी आहे, हे वहीच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवावे. गटसाखळीत ज्याची कामगिरी सरस, त्याला परतीचा सामना स्वतःच्या मैदानावर मिळतो. २०२५ मध्ये पाल्मेरासने गटातील सहाही सामने जिंकले होते, म्हणून एलडीयू किटोविरुद्ध त्यांना आधी किटोला जावे लागले आणि मग साओ पाउलोला घरी खेळता आले. या एका ओळीचे मोल पुढे कळेल.

तयारीचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त वेळ घेणारा भाग म्हणजे जुने उपांत्य सामने पुन्हा पाहणे किंवा निदान त्यांची टिपणे वाचणे. यासाठी दोन संध्याकाळी राखून ठेवाव्यात. पहिल्या सामन्याचा आकडा पाहून मनाशी निकाल लावून टाकण्याची जी खोड प्रत्येक प्रेक्षकाला असते, ती मोडण्याचा माझ्या अनुभवात दुसरा उपाय नाही.

सुरुवात २०१७ पासून करावी. रिव्हर प्लेटने अर्जेंटिनाच्याच लानूसला पहिल्या सामन्यात १-० असे हरवले होते. ३१ ऑक्टोबरला लानूसच्या मैदानावर परतीच्या सामन्यात पहिल्या २५ मिनिटांतच रिव्हरने आणखी दोन गोल केले आणि बेरीज ३-० झाली. मी तेव्हा टीव्ही बंद केला आणि दुधाची पिशवी आणायला खाली उतरलो. मध्यंतर होता होता होसे सांदने एक गोल फेडला, मध्यंतरानंतर पहिल्याच मिनिटात दुसरा केला, मग लाउतारो आकोस्ताने तिसरा. बेरीज ३-३ झाली तरी तेव्हाच्या नियमाने रिव्हरच पुढे होता, म्हणून लानूसला चौथा गोल हवाच होता, आणि तो व्हीएआरची, म्हणजे पंचांच्या मदतीला असलेल्या यंत्रणेची, चित्रफीत पाहून दिलेल्या पेनल्टीवर आलेहांद्रो सिल्वाने केला. या स्पर्धेत व्हीएआरचा वापर त्याच उपांत्य फेरीपासून सुरू झाला होता, आणि लानूसच्या खेळाडूचा हँडबॉल मात्र तपासलाच गेला नाही, ही रिव्हरची तक्रार तेव्हापासून आजतागायत चालू आहे. मी वर आलो तेव्हा शेजारच्या मुलाने जिन्यातच निकाल सांगितला. तेव्हापासून दुधाची पिशवी आदल्या रात्री आणून ठेवणे हा या यादीतला कायमचा मुद्दा झाला आहे.

पुढच्याच वर्षी रिव्हरने उलट बाजूने हाच धडा दिला. ब्वेनोस आइरेसमध्ये ग्रेमिओकडून ०-१ असा पराभव झाला होता आणि ग्रेमिओच्या घरी पोर्तो आलेग्रेतही रिव्हर ०-१ असा मागे होता. प्रशिक्षक मार्सेलो गायार्दो यांच्यावर त्या सामन्यापुरती बंदी होती, तरी ते प्रेक्षागृहातून रेडिओवर सूचना देत राहिले आणि मध्यंतरात थेट आपल्या संघाच्या खोलीत शिरले. ८०व्या मिनिटानंतर राफाएल बोरेने बरोबरी साधली, मग ब्रेसानच्या हाताला चेंडू लागल्याचे व्हीएआरमध्ये दिसले आणि भरपाई वेळेत गोन्सालो मार्तिनेसने पेनल्टी मारली. ग्रेमिओने निकालाविरुद्ध दाद मागितली, ती फेटाळली गेली. असे सामने पाहताना गोलांइतकेच पंच, पडदा आणि मैदानाच्या कडेला चाललेली झोंबाझोंबी यांकडेही लक्ष ठेवावे, कारण उपांत्य फेरीतला अर्धा वेळ तिथेच जातो. कुरापत काढून, वेळ खाऊन, रडीचा डाव खेळून प्रतिस्पर्ध्याचा तोल घालवण्याच्या कलेला ब्राझीलमध्ये ‘कातिम्बा’ म्हणतात. हा शब्द आधीच ओळखीचा असलेला बरा, म्हणजे ७०व्या मिनिटाला गोलरक्षक बुटाची नाडी बांधायला बसला की चिडचिड कमी होते.

तिसरे उदाहरण २०२५चे, आणि ते उंचीशी निगडित आहे. किटो समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरच्या दुपटीहून उंच. तिथली हवा विरळ, त्यामुळे चेंडू अपेक्षेपेक्षा वेगाने जातो आणि सखल भागातून आलेल्या खेळाडूला धाव घेतल्यावर श्वास जुळवायला वेळ लागतो. एलडीयूने पाल्मेरासला तिथे ३-० असे हरवले आणि तिन्ही गोल पूर्वार्धातच झाले. त्या सकाळी पाल्मेरास संपले असे म्हणणाऱ्यांची कमतरता नव्हती. आठवड्याने साओ पाउलोत, सुमारे ७६० मीटर उंचीवर, पाल्मेरासने ४-० असा विजय मिळवून बेरीज ४-३ केली, त्यातले शेवटचे दोन गोल राफाएल व्हेइगाचे. म्हणून सामना उंचावर असेल तर वहीत आकड्याशेजारी गावाची उंचीही लिहावी आणि त्या आकड्याला तेवढेच वजन द्यावे.

मात्र याचा अर्थ प्रत्येक परतीचा सामना उलटतोच असा नाही, आणि विरुद्ध बाजूची उदाहरणेही पाहून ठेवावीत. २०१९ मध्ये फ्लामेंगोने पोर्तो आलेग्रेत १-१ अशी बरोबरी करून माराकानावर ग्रेमिओचा ५-० असा फडशा पाडला. २०२४ मध्ये ब्राझीलचा बोताफोगो आणि उरुग्वेचा पेन्यारोल मध्यंतरापर्यंत ०-० होते आणि उत्तरार्धात बोताफोगोने पाच गोल केले. पेन्यारोलने घरी ३-१ असा विजय मिळवला, पण तो केवळ प्रतिष्ठेपुरता.

मैदानाची खातरजमा आदल्या दिवशी पुन्हा करावी. पेन्यारोलचा तो परतीचा सामना पाहुण्या प्रेक्षकांच्या सुरक्षेवरून वाद झाल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या मैदानाऐवजी मोंतेव्हिदेओच्या सेंतेनारिओवर हलवावा लागला. २०२०च्या स्पर्धेची उपांत्य फेरी जानेवारी २०२१ मध्ये झाली तेव्हा रिव्हरचे मोनुमेंताल मैदान दुरुस्तीत होते, म्हणून ते इंदिपेंदियेंतेच्या मैदानावर ‘घरचा’ सामना खेळले आणि पाल्मेरासकडून ०-३ असे हरले. घर म्हणजे नेमके कोणते, याला या स्पर्धेत अर्थ असतो. संघ मैदानात येतानाचा प्रेक्षकांचा स्वागतसोहळा, म्हणजे कागदाचे कपटे, ढोल आणि धूर, चुकवू नये, त्यासाठी पंधरा मिनिटे आधीच बसावे. अर्जेंटिनातले मैदान असेल तर हे आणखी महत्त्वाचे. धुरामुळे सुरुवातीची काही मिनिटे चेंडूही नीट दिसत नाही.

संघांबद्दलची टिपणे आटोपशीर असावीत. पंधरा खेळाडूंचे चरित्र पाठ करण्याची गरज नाही. प्रशिक्षक, गोलरक्षक आणि निलंबित खेळाडू एवढे पुरे. प्रशिक्षकांची माहिती मात्र रंगतदार असते. २०२५ मध्ये रासिंगचे प्रशिक्षक होते गुस्ताव्हो कोस्तास. १९६७ मध्ये रासिंगने आपले एकमेव लिबर्तादोरेस जिंकले तेव्हा ते संघासोबत मैदानात येणारे लहानगे मॅस्कॉट होते. त्यांच्यासमोर फ्लामेंगोचे फिलिपे लुईस, ज्यांनी २०१९ आणि २०२२ मध्ये हाच करंडक खेळाडू म्हणून उचलला होता. एवढे ठाऊक असले की रासिंगच्या घरी, आव्हेयानेदातल्या परतीच्या सामन्यात गोन्सालो प्लाताला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनिशी फ्लामेंगोने ०-० कसे टिकवले, हे पाहताना कॅमेरा त्या दोघांच्या चेहऱ्यांवर का रेंगाळतो ते कळते.

गोलरक्षकाची नोंद पेनल्टीसाठी हवी. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सने बाद फेरीतला एकही सामना निर्धारित वेळेत जिंकला नव्हता. नासिओनाल, रासिंग आणि पाल्मेरास यांच्याशी सहाच्या सहा सामने बरोबरीत सुटले आणि तिन्ही वेळा सर्जिओ रोमेरोच्या हातमोज्यांनी त्यांना अंतिम सामन्यापर्यंत नेले. अशा संघाविरुद्ध ०-० ही धावसंख्या कोणाच्या फायद्याची, हे आधी ठरवून ठेवले नाही तर शेवटची वीस मिनिटे वाचताच येत नाहीत.

दोन सामन्यांमधला शनिवार-रविवारही मोकळा समजू नये. या क्लबांचे देशांतर्गत लीगचे सामने चालूच असतात, आणि प्रशिक्षक त्यात कोणाला खेळवतो आणि कोणाला बसवतो, यावरून परतीच्या सामन्याचा अंदाज बांधता येतो. पूर्ण सामना पाहण्याची गरज नाही, संघाची यादी वाचली तरी पुरते.

परतीच्या सामन्याची शिट्टी झाली की शेवटचे काम उरते ते अंतिम सामन्याच्या गजराचे. उपांत्य फेरीत हरलेल्यांसाठी तिसऱ्या क्रमांकाची लढत नसते, आणि अंतिम सामना २०१९ पासून आधीच ठरवलेल्या एकाच मैदानावर, शनिवारी, तिकडच्या दुपारी किंवा संध्याकाळी होतो. त्यामुळे सकाळी सहाचा हिशेब तिथे चालत नाही. २०२५ मध्ये लिमात दुपारी चारला सुरू झालेला फ्लामेंगो-पाल्मेरास सामना आपल्याकडे रविवारच्या पहाटे अडीचला लागला होता, आणि आदल्या वर्षीचा ब्वेनोस आइरेसमधला दीड वाजता. गजर त्याप्रमाणे बदलून घ्यावा आणि शनिवारी रात्रीचे जेवण आठच्या आत उरकावे.