शर्यतीची जागा हातची गेली, आता काय? माउंटन बाइक रेस दुसरीकडे हलवतानाची तयारी

जागा जाते ती बहुतेक वेळा एका फोनवर. वनखात्याची फाइल शेवटच्या टेबलावर अडकते, डोंगराच्या पायथ्याच्या शेतकऱ्याने मध्येच तारेचं कुंपण घातलेलं असतं, किंवा ग्रामपंचायतीत नवे सरपंच आलेले असतात आणि आधीच्यांनी दिलेला तोंडी शब्द त्यांना माहीतच नसतो. फोन ठेवल्या ठेवल्या नवी टेकडी बघायला गाडी काढू नका. आधी बसून ठरवा की सोडायचं काय, तारीख की जागा. पाच आठवडे किंवा जास्त हातात असतील आणि जागेची अडचण कागदाचीच असेल, तर जागा धरा आणि तारीख सोडा. ट्रॅक तयार आहे, मार्शलच्या, म्हणजे ट्रॅकवर उभं राहून इशारा देणाऱ्या माणसांच्या, जागा ठरलेल्या आहेत, गाव ओळखीचं आहे. जमीनच गेली असेल, किंवा बाहेरगावचे बरेच खेळाडू तिकिटं काढून बसले असतील, तर तारीख धरा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि सायकल पार्सलमध्ये टाकून येणारा खेळाडू तारीख बदलली की सहसा येतच नाही. जागा ४० किलोमीटरने सरकली तर तो कुरकुरतो, पण येतो.

दोन्ही सोडावं लागलं तर सरळ रद्द म्हणा आणि पैसे परत करा. ‘लवकरच कळवू’ हे दोन शब्द सगळ्यात महाग पडतात.

पर्यायी जागा म्हणजे जिथे काही ना काही आधीच तयार आहे अशी जागा. २०२० साली क्रॉस-कंट्रीची (चढउतारांच्या ट्रॅकवर ठरलेल्या फेऱ्या मारायच्या प्रकाराची) जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जूनमध्ये जर्मनीतल्या अल्बश्टाटला व्हायची होती. करोनामुळे ती तिथून गेली आणि ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांगला झाली. लिओगांगला ती पेलली, कारण त्या वर्षी डाउनहिलची (नुसत्या उताराच्या शर्यतीची) अजिंक्यपद स्पर्धा तिथेच व्हायची होती. माणसं, उतारावरचे ट्रॅक, राहायची सोय सगळं जागेवर होतं. ऋतू मात्र कोणाच्या हातात नव्हता. ऑक्टोबरातल्या पावसाने आणि बर्फाने तिथला ट्रॅक चिखलाचा झाला आणि खेळाडूंना कितीतरी ठिकाणी सायकल ढकलत, खांद्यावर घेत जावं लागलं. त्याच शरद ऋतूत चेकियातल्या नोव्हे म्येस्तोला एकाच आठवड्यात विश्वचषकाच्या दोन फेऱ्या उरकल्या. मालिकेतली एखादी फेरी निराधार झाली तर हाही मार्ग आहे. ज्या जागेची परवानगी हातात आहे, तिथेच शनिवारी एक आणि रविवारी दुसरी शर्यत घ्या.

नव्या तारखेसाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरत नाही. गावची यात्रा कधी आहे ते पोलीस पाटलांना विचारा; यात्रेच्या आठवड्यात तुम्हाला ना पोलीस मिळतील, ना मंडपवाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात, म्हणजे ज्युनिअर गट रिकामा आणि लाउडस्पीकरला नकार. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पाहुणे, बॅनर आणि पोलीस बंदोबस्त तिन्हींचा प्रश्न येतो. सह्याद्रीत पावसाळा आणि उन्हाळा सोडून उरतात ऑक्टोबर अखेर ते मार्चची सुरुवात एवढेच दिवस. दसऱ्याच्या सुमाराला गवत गुडघाभर असतं, त्याखालचे दगड आणि चर दिसत नाहीत. ट्रॅक कापायचे मजुरीचे दिवस तेव्हा सहज दुप्पट होतात. फेब्रुवारीच्या मध्यानंतर शेवटची शर्यत अकराच्या आत संपेल असं वेळापत्रक लावा, म्हणजे पहिली सातला सुटली पाहिजे.

जमीन बघायला जाताना आधी कागद, मग डोंगर. ‘ही टेकडी आमचीच’ असं गावकरी मनापासून सांगतात, पण सातबारावर ती गायरान किंवा वन निघते. गट नंबर घ्या, गावनकाशावर तुमच्या लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, जीपीएस रेषा टाका आणि ती ज्या ज्या गटातून जाते त्या प्रत्येकाचा सातबारा काढा. चार किलोमीटरची लॅप सहज दहा-बारा गटांतून जाते. इतर हक्कांचा रकाना वाचायला विसरू नका, वनाची नोंद बहुतेक तिथेच दडलेली असते. एकच गट वनखात्याचा असेल, तर परवानगीसाठी थांबण्यापेक्षा लॅप तिथून वळवा. खाजगी जमिनीसाठी मालकाचं ना हरकत पत्र घ्या. सातबारावर चार भावांची नावं असतील तर चौघांच्या सह्या हव्यात. पुण्यात राहणारा भाऊ शर्यतीच्या आदल्या दिवशी गावी येतो आणि विचारतो, मला कोणी विचारलं?

जुन्या जागेचा एकही कागद नव्या जागेला चालत नाही. पोलीस ठाणं बदललं की अर्ज नवा, ग्रामपंचायत बदलली की ठराव नवा, लाउडस्पीकरची परवानगी नवी. विमा सगळ्यात जास्त विसरला जातो. पॉलिसीवर स्थळ आणि तारीख छापलेली असते. विमा कंपनीला लेखी कळवून दुरुस्तीचं पत्र हातात घ्या. शर्यत राज्य संघटनेच्या कॅलेंडरवर असेल, तर पंचांची उपलब्धता विचारल्याशिवाय नवी तारीख जाहीर करू नका.

मातीची परीक्षा मुठीत होते. ओंजळभर माती पाण्याने भिजवा, मुठीत दाबा आणि हात उघडा. लाडू झाला आणि तळव्याला चिकटून राहिला तर ती जागा अवकाळीच्या एका सरीत हातची जाणार. काळी माती टायर आणि फ्रेमच्या मधली जागा भरून टाकते, चाक फिरायचं थांबतं, खेळाडू तरीही पेडल मारतो आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर तुटतो. मुरमाची टेकडी काही तासांत निथळते. कातळ कोरडा असताना उत्तम पकड देतो, पण ओढ्याच्या बाजूचा शेवाळलेला कातळ उतारावर मुळीच घेऊ नका.

आता काट्यांबद्दल, कारण घाईत उभ्या केलेल्या शर्यती सर्वांत जास्त पंक्चर होतात त्या इथे. गायरान म्हणजे बाभूळ आणि बोर. ट्रॅक साफ करणारेच कोयत्याने फांद्या तोडतात आणि कडेला टाकतात. वाऱ्याने, गुरांच्या पायांनी त्या परत ओळीत येतात. फांद्या ट्रॅकपासून निदान पाच मीटर लांब, उताराच्या खालच्या अंगाला टाकायला लावा. मग पूर्ण लॅपवर खराटा फिरवा, एकदा तोडणीनंतर आणि एकदा आदल्या संध्याकाळी. खेळाडूंना कळवताना स्पष्ट लिहा: बाभळीचे काटे आहेत, ट्यूबलेस (बिनट्यूबचे टायर) आणि ताजं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) घालून या. महिन्यापूर्वी भरलेलं सीलंट आपल्या उन्हात वाळलेलं असू शकतं.

कड्याखाली आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ आहे का, हे गुराख्याला विचारा. त्याला फांदीसकट माहीत असतं. असेल तर लॅप त्या अंगाला न्यायचीच नाही, ड्रोन उडवायचा नाही, त्या दिशेला स्पीकरचं तोंड ठेवायचं नाही आणि चहाची चूल वाऱ्याच्या वरच्या अंगाला मांडायची नाही. त्याच गुराख्याला गुरं कितीला कुठून जातात हेही विचारा. सकाळी नऊला उतारावर चाळीस म्हशी समोर आल्या तर मार्शलची शिट्टी कामाची नाही.

लॅपची लांबी बदलली की सगळं गणित बदलतं, आणि हे बऱ्याचदा शर्यत सुटल्यावर लक्षात येतं. एलिट पुरुषांची क्रॉस-कंट्री साधारण ८० ते १०० मिनिटांत संपली पाहिजे. जुन्या जागी लॅप १५ मिनिटांची असेल तर ६ लॅप, म्हणजे ९० मिनिटं. नव्या जागी आखूड लॅप ११ मिनिटांत होत असेल तर ८ लॅप, ८८ मिनिटं. वेळ जवळपास तीच, पण ८० टक्क्यांचा नियम (पहिल्या खेळाडूच्या लॅपच्या वेळेच्या ८० टक्के मागे पडलेल्याला बाहेर काढायचं) लावलात तर कात्री वेगळी बसते. १५ मिनिटांच्या लॅपवर खेळाडू १२ मिनिटं मागे पडल्यावर बाहेर निघतो, ११ मिनिटांच्या लॅपवर ८ मिनिटं ४८ सेकंदांवरच. म्हणजे आखूड लॅपवर जास्त लोक लवकर बाहेर. त्यांना कुठे थांबवायचं ती जागा अंतिम रेषेच्या थोडी आधी आखून ठेवा आणि कोणाला काढलं त्याची नोंद करायला स्वतंत्र माणूस बसवा. लॅपची वेळ अंदाजाने लिहू नका, जिल्ह्यातल्या एखाद्या वेगवान खेळाडूला शर्यतीच्या वेगाने दोन लॅप मारायला सांगा आणि दुसरी धरा.

आखूड लॅप म्हणजे गर्दीही. सुरुवातीच्या रेषेपाशी आठ मीटर रुंदी मिळाली तर एका ओळीत आठजण मावतात. हँडलबारच ७५-८० सेंटीमीटरचा असतो. साठ खेळाडू म्हणजे आठ ओळी. त्यांना शंभर मीटरवर एकेरी पायवाटेत घातलंत तर शेवटच्या तीन ओळी उभ्याच राहतील. पहिला चढ बैलगाडीच्या रस्त्याने घ्या, निदान चारशे-पाचशे मीटर, मग पायवाट.

टेपचा हिशेब असा. चार किलोमीटरपैकी दोन्ही बाजूंनी टेप लागते ती वळणं, उतार आणि प्रेक्षकांच्या जागी, समजा दीड किलोमीटर. दोन बाजू मिळून ३००० मीटर, ३०० मीटरचे दहा रोल आणि तीन जास्तीचे. पाच मीटरला एक खुंट धरला तर सहाशे, वळणांवर दाट लावायचे म्हणून साडेसातशे. खुंट बांबूचेच. लोखंडी सळई बांधकामावरून फुकट मिळते आणि जमिनीत छान घुसते, पण तिच्यावर पडलेल्या खेळाडूची जखम तुम्हाला बघवणार नाही. खडकाळ जागी खुंट शिरत नाही. पहार घ्या, आणि जिथे पहारही हरते तिथे मातीने भरलेल्या सिमेंटच्या गोण्यांत बांबू रोवा. टेप आदल्या दुपारी लावून सगळे घरी गेले तर सकाळी अर्धी शेळ्यांनी ओढलेली असते, उरलेली मुलांनी. रात्री गावातलीच दोन माणसं पैसे देऊन राखणीला ठेवा.

मार्शल किती, तर प्रत्येकाला पुढचा दिसला पाहिजे इतके. झाडीतल्या चार किलोमीटरला बावीस-चोवीस लागतात, माळावर सोळा भागतात. गावातला रस्ता ओलांडायच्या जागी दोन. जागांना लॅपच्या दिशेने क्रमांक द्या आणि तोच क्रमांक रुग्णवाहिकेच्या चालकाच्या नकाशावर असू द्या. ‘मोठ्या आंब्यापाशी पडलाय’ हे बाहेरून आलेल्या डॉक्टरला कळत नाही. नव्या जागी मोबाइलची रेंज चालून तपासा, प्रत्येक कंपनीची वेगळी. डोंगराच्या मागच्या अंगाला काहीच नसेल तर वायरलेस संच भाड्याने घ्या आणि माथ्यावर एक माणूस फक्त निरोप पुढे द्यायला बसवा.

रुग्णवाहिका दोन. एक जखमीला घेऊन गेली आणि दुसरी नसेल तर ती परत येईपर्यंत शर्यत थांबवावी लागते, आणि थांबवलीच पाहिजे. या खेळात गळपट्टीचं हाड मोडणं नेहमीचं आहे, डोक्याला मार कमी वेळा बसतो पण घात करतो. म्हणून जवळचं रुग्णालय न बघता सीटी स्कॅन आणि हाडाचा डॉक्टर रविवारी हजर असलेलं रुग्णालय बघा. तिथवर एका रविवारी सकाळी स्वतः गाडी चालवून वेळ घ्या. ट्रॅकच्या सगळ्यात लांबच्या टोकापासून गाडीरस्त्यापर्यंत स्ट्रेचर चार माणसांनी एकदा नेऊन बघा. दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर लॅप बदला.

सरावासाठी ट्रॅक निदान आदल्या दिवशी पूर्ण खुला हवा, आणि सरावानंतर त्यात काहीही बदलू नका. बदलावंच लागलं तर सुरुवातीच्या रेषेवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. टोकियो ऑलिंपिकच्या इझू इथल्या ट्रॅकवर खडकावरून उतरायला सरावाच्या वेळी फळीचा उतार होता, शर्यतीला तो काढलेला होता. नेदरलँड्सचा सायकलपटू मात्यू व्हान डेर पुल फळी असेल या हिशेबाने गेला आणि पहिल्याच लॅपमध्ये तिथे आपटला. जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एकाचं हे झालं, तर तुमच्याकडे पहिल्यांदाच शर्यतीला आलेल्या मुलाचं काय होईल ते बघा.

निर्णय पक्का झाल्यावर चोवीस तासांच्या आत एकच मजकूर सगळीकडे जाऊ द्या. कारण एका वाक्यात, कोणावर खापर न फोडता. उदाहरणार्थ: ‘जमिनीची परवानगी न मिळाल्याने शर्यत पूर्वीच्या जागी होणार नाही. तारीख तीच. नवी जागा आणि पार्किंगचा नकाशा सोबत. लॅप आता ३.२ किमी, एलिट पुरुष ८ लॅप. येणं जमणार नसेल तर सात दिवसांत कळवा, पूर्ण शुल्क परत मिळेल.’ पूर्ण म्हणजे पूर्ण. नोंदणी करणाऱ्या संकेतस्थळाचं कमिशन तुमच्या खिशातून. पदकं आणि टी-शर्टवर पुढच्या वेळेपासून गावाचं नाव छापू नका, वर्ष पुरे.

आणि एवढं कळवूनही काहीजण जुन्या जागी पोचतातच. शर्यतीच्या दिवशी पहाटे साडेपाचपासून एक माणूस मोटारसायकल घेऊन तिथल्या फाट्यावर उभा ठेवा. त्याच्या हातात नव्या जागेचा क्यूआर कोड छापलेला मोठा फलक, रेंज नसेल म्हणून रस्ता काढून दिलेले पन्नास कागद, आणि उशिरा निघालेल्याला कोणत्या गटापर्यंत पोचता येईल ते सांगायला वेळापत्रक. शेवटचा गट सुटेपर्यंत त्याला तिथून हलवू नका, आणि त्याच्या नाश्त्याची सोय आदल्या रात्रीच करा.