जपानला निघण्यापूर्वी फ्रेजबुकाची तयारी

फ्रेजबुक, म्हणजे प्रवासात लागणाऱ्या वाक्यांचं पुस्तक, निदान महिनाभर आधी घरात यायला हवं. विमानतळावर घेऊन विमानात चाळलेलं पुस्तक जपानमध्ये उतरल्यावर फारसं कामी येत नाही. विकत घेण्यापूर्वी दुकानातच त्याची परीक्षा घ्या. ‘यात माशाचा अर्क आहे का’ किंवा त्याच्या आसपासचं वाक्य अर्ध्या मिनिटात सापडलं पाहिजे. दुकानात निवांत उभं राहून सापडत नसेल तर वेटर ताटकळत असताना सापडणं अवघडच. प्रत्येक वाक्याखाली जपानी लिपीतला मजकूर ठसठशीत अक्षरांत हवा, कारण उच्चार फसला की पुस्तक पुढे करून त्या ओळीवर बोट ठेवायचं असतं. नुसत्या रोमन अक्षरांचं पुस्तक घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो.

घरी आणल्यावर पेन्सिल घ्या आणि लागतील त्या वाक्यांवर देवनागरीत उच्चार लिहा. हे काम टाळू नका. रोमन ‘टी’ दिसला की आपण ‘ट’ म्हणतो, आणि जपानीत आहे ‘त’. ‘डी’चाही ‘द’ होतो. लिहिताना मराठी शुद्धलेखनाची एक सवय मात्र बाजूला ठेवा. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो. जपानीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थच बदलतो. म्हणून ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्वच लिहा आणि लांबवायच्या स्वरापुढे अवग्रह टाका. ‘ओबासान’ म्हणजे काकू आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. ‘ब्योऽइन’ म्हणजे हॉस्पिटल आणि ‘बियोऽइन’ म्हणजे ब्यूटी पार्लर. आजारी माणसाला हा फरक महागात पडेल. जोडाक्षरंही नीट उच्चारा: ‘काता’ म्हणजे खांदा, ‘कात्ता’ म्हणजे विकत घेतलं. वाक्याअखेर येणाऱ्या ‘देस’ आणि ‘मास’ यांच्या शेवटचा ‘उ’ लिहिताना असतो, पण बोलताना जवळजवळ ऐकू येत नाही, तेव्हा तो लिहूच नका.

इथे मराठी माणसाचा एक फायदा आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना शब्दाच्या सुरुवातीला अडणारा ‘त्सु’ म्हणजे आपल्या चुन्यातला ‘चु’, आणि ‘मिज़ु’ म्हणजे पाणी, त्यातला ‘ज’ आपल्या जुन्यातला. चहातल्या ‘च’शी गल्लत होऊ नये म्हणून अशा अक्षरांखाली टिंब द्या.

मग वाक्यं निवडा. दोनशे नकोत, पंचवीस पुरतात, आणि निवडताना एकच कसोटी लावा: याचं उत्तर मला कळेल का? ‘स्टेशन कुठे आहे’ हे पाठ करणं सोपं. पण समोरचा भरभर रस्ता सांगू लागला की आपण तिथेच थांबतो. म्हणून अशा प्रश्नाला जोड द्या. नकाशा पुढे धरून ‘युबिसाशिते कुदासाइ’, म्हणजे बोटाने दाखवा. किंमत किंवा वेळ विचारली तर वही-पेन देऊन ‘काइते कुदासाइ’, म्हणजे लिहून द्या. आकडे आपल्याला वाचता येतात त्याच चिन्हांत लिहिले जातात. गाडीत चढण्यापूर्वी ‘उएनो एकि वा दोको देस का’ (उएनो स्टेशन कुठे आहे) विचारण्यापेक्षा ‘उएनो नि तोमारिमास का’ विचारा, म्हणजे ही गाडी उएनोला थांबते का. उत्तरात क्रियापदाचं शेपूट ऐका. ‘तोमारिमास’ म्हणजे थांबते, ‘तोमारिमासेन’ म्हणजे नाही. नुसतं ‘हाइ’ ऐकून चढू नका. ‘हाइ’चा अर्थ बऱ्याचदा ‘ऐकतोय’ एवढाच असतो. आणि स्पष्ट नकार क्वचितच मिळतो. कोणी ‘चोत्तो…’ म्हणून श्वास आत ओढला, तर ते ‘नाही’ समजा.

उत्तरं जशी ऐकायची तसे प्रश्नही ऐकायचे असतात, आणि पुस्तकं इथे कमी पडतात. कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, गल्ल्यावरचा माणूस तीन-चार गोष्टी विचारतो. ‘फुकुरो’ कानावर पडलं तर पिशवी हवी का (जुलै 2020 पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात), ‘आतातामेमास का’ म्हणजे गरम करू का, ‘ओहाशि’ म्हणजे चॉपस्टिक्स. हवं असेल तर ‘ओनेगाइ शिमास’. नको असेल तर ‘दाइजोऽबु देस’ म्हणत हात हलवा, कारण ‘दाइजोऽबु’चा अर्थ ‘चालेल’ही होतो आणि ‘नको’ही; हाताने तो स्पष्ट होतो. हॉटेलात शिरताच ‘नान्मेइसामा’ आलं की बोटांनी माणसं दाखवा.

आकडे दहापर्यंत पाठ हवेतच, पुढे ‘ह्याकु’ (शंभर), ‘सेन’ (हजार), ‘मान’ (दहा हजार). अडचण ‘मान’पाशी येते. 25,000 येन म्हणजे ‘नि-मान गो-सेन’, दोन मान पाच हजार. लाखाला वेगळा शब्द नाही, तो ‘जूऽ-मान’, दहा मान. 300, 600 आणि 800 वेगळे घोका: साम्ब्याकु, रोप्प्याकु, हाप्प्याकु. ‘इचि’ (एक) आणि ‘शिचि’ (सात) गर्दीत सारखेच ऐकू येतात, म्हणून सातला ‘नाना’ म्हणा.

शाकाहारी असाल तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘बेजितारिआन’ म्हटल्यावर मांस काढतात, पण दाशि राहते. दाशि म्हणजे बहुतेक सारांचा मूळ अर्क, आणि तो पुष्कळदा काच़ुओ नावाच्या सुकवलेल्या माशाचा असतो. मिसो सूप, उदोन आणि सोबा या नूडल्सचं पाणी, तेम्पुराबरोबरची (म्हणजे जपानी भज्यांबरोबरची) वाटी, सगळ्यात तो असू शकतो. दिसत नाही म्हणून विचारायचं राहून जातं. समुद्रवनस्पतीची, म्हणजे कोम्बुची, दाशि चालते. जाड कागदाच्या कार्डावर जपानी लिपीत लिहून न्या: मांस, मासे, कोळंबी-शिंपले खात नाही, काच़ुओची दाशिही चालत नाही, अंडं आणि दूध चालतं की नाही तेही. जपानी शिकलेल्या माणसाकडून तपासून घ्या. पुण्यात असे पुष्कळ जण आहेत. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी ‘शोऽजिन र्योऽरि’ हे शब्द लक्षात ठेवावेत, हे बौद्ध मठांतलं जेवण. कोऽयासान या तीर्थक्षेत्राच्या मंदिरांत मुक्कामाला मिळतं. त्यात कंदमुळं मात्र असतात, जैनांनी तसं आधी कळवावं.

अ‍ॅलर्जी असेल तर तिचं वेगळं कार्ड करा, आणि तोंडाने ‘आरेरुगीऽ’ म्हणा. हा शब्द तिकडे जर्मनवरून गेला, इंग्रजी उच्चार समजेलच असं नाही. अ‍ॅम्ब्युलन्स आणि अग्निशमन 119, पोलीस 110. ‘क्यूऽक्यूऽशा’ म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स.

अक्षरं पाच-सहाच ओळखा. बाहेर जायच्या आणि आत यायच्या दोन्ही पाट्यांवर दुसरं अक्षर साधा चौकोन असतं, तो ‘तोंड’ या अर्थाचा. आधी एकावर एक दोन डोंगर रचल्यासारखं दिसलं तर बाहेर, दोन काठ्या एकमेकींना टेकल्यासारख्या दिसल्या तर आत. स्वच्छतागृहावर बहुधा चित्र असतं, पण गरम झऱ्यांच्या स्नानगृहांच्या पडद्यावर बऱ्याचदा नुसतं अक्षर: वर चार तावदानांची खिडकी दिसली तर पुरुषांचं. काही ठिकाणी ठरावीक वेळी दोन्ही बाजूंची अदलाबदल होते, म्हणून काल कुठे गेलो होतो यावर विसंबू नका.

शेवटचा आठवडा मोठ्याने बोलण्याचा. रोज दहा मिनिटं, घरातल्या कोणीतरी मराठी वाक्य टाकायचं आणि तुम्ही पुस्तक न उघडता जपानी म्हणायचं. कार्टून बघून उचललेली वाक्यं वापरू नका. ती मित्रांतली असतात, अनोळखी माणसाला उद्धट वाटतात. पुस्तकातली ‘देस-मास’ची रूपंच बरी.

निघायच्या आदल्या रात्री जेवण, गाडी, आजारपण आणि आकडे या चार पानांना रंगीत चिकट पट्ट्या लावा. फोनमध्ये भाषांतराचं जपानी पॅक ऑफलाइन उतरवा. पण बॅटरी संपते, म्हणून पुस्तक ठेवाच. हॉटेलचा पत्ता जपानी लिपीत छापून घ्या. तिकडे बहुतेक रस्त्यांना नावं नसतात, पत्ता विभाग आणि ब्लॉकच्या क्रमांकावर चालतो, त्यामुळे टॅक्सीवाल्याला तो कागदच दाखवावा लागतो. हे सगळं आणि वही-पेन पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.