जुने घर न पाडता नवे कसे करावे: जाकोमो लेओनीच्या कामावरून

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आजोबा-पणजोबांनी बांधलेली चौसोपी घरे अजून उभी आहेत. दरवर्षी पावसाळा सरला की त्यांतली काही पाडली जातात, कारण दुरुस्तीचा विचार सुरू होण्याआधीच स्लॅबचा विचार पक्का झालेला असतो. घर पाडायचे नाही, पण आहे तसे ठेवूनही भागत नाही, अशा वेळी काय करावे हे मला जाकोमो लेओनी या वास्तुरचनाकाराच्या कामातून सर्वांत नीट उमगले, म्हणून ती रीत येथे क्रमाने मांडतो आहे.

लेओनी 1686 साली व्हेनिसमध्ये जन्मला. जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फला काही काळ काम करून तो इंग्लंडला गेला आणि 1715 पासून पुढच्या काही वर्षांत त्याने पालादिओच्या वास्तुकलेवरील चार भागांच्या ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती काढली. पालादिओ (1508-1580) पादुआचा, पाथरवटाच्या हाताखाली शिकून पुढे आलेला, आणि त्याची ग्रामीण घरे शेतकाम डोळ्यांसमोर ठेवूनच रचलेली. लेओनीने त्याची मोजमापे इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या मोठ्या घरांवर वापरली. चेशरमधले लाइम पार्क आणि सरीमधले क्लँडन पार्क ही त्यांतली दोन नावाजलेली घरे. 1746 मध्ये लंडनला त्याचे निधन झाले.

आपल्या कामाचे आहे ते लाइम. पीटर ली या मालकासाठी 1720 च्या दशकात लेओनीने हे घर हाती घेतले, तेव्हा तेथे सोळाव्या शतकातले जुने घर उभेच होते. त्याने ते जमीनदोस्त केले नाही. दक्षिणेकडे खांबांची भव्य दर्शनी बाजू उभारली, आतला वेडावाकडा चौक कमानींनी चारही बाजूंनी सरळ करून घेतला, आणि जुनी लांब दालने, लाकडी नक्षीच्या खोल्या आत तशाच राहू दिल्या.

म्हणून आपणही सुरुवात मोजणीने करावी. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी घ्यावीच, पण दोन्ही कर्णही मोजावेत. कर्ण सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही हे लगेच कळते, आणि जुन्या घरात बहुधा ती नसतेच. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजावी आणि भिंत किती झुकली आहे हे ओळंबा सोडून पाहावे. ओल कोठवर चढते याची खूण मात्र पावसाळ्यातच पेन्सिलीने करून ठेवावी, कारण उन्हाळ्यात ती भिंत कोरडी दिसून फसवते.

मग काय ठेवायचे हे ठरवावे. येथे घाई करू नये. सोप्याचे खांब वरून धडधाकट दिसतात. खरी परीक्षा तळाशी, तळखड्याला लाकूड टेकते तेथे असते. टोच्या घेऊन खांबाच्या पायाशी चारही बाजूंनी दाबून पाहावे. टोक बोटभर आत गेले आणि आतून भुसा आला, तर वाळवीने तेवढा भाग खाल्ला आहे. पण दीड फूट खाली कुजले म्हणून नऊ फुटांचा खांब फेकायचा नसतो. वरच्या तुळईला टेकू देऊन कुजका भाग कापावा, त्याच जातीचे वाळलेले लाकूड खाचेत खाच बसवून जोडावे आणि तळखडा जमिनीपासून थोडा उचलून घ्यावा. हे काम करणारे सुतार आपल्या भागात अजून आहेत. मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा देऊ नये. ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो.

चौक हे घराचे मर्म आहे. वाटण्या होत गेल्या तसे कोणी एका बाजूचा सोपा भिंतीने बंद केला, कोणी तेथे मोरी काढली, असे बहुतेक घरांत झालेले असते. लेओनीने लाइमला जे केले तेच करावे: आधी चारही बाजू मोकळ्या करून खांबांमधले अंतर शक्य तेथे सारखे करावे, कारण चौक सरळ झाला की आतल्या खोल्यांचे वाकडेपण डोळ्यांना खुपत नाही.

खिडक्यांसाठी पालादिओचा हिशेब गवंड्याला सहज समजावता येतो. खोलीच्या रुंदीचे साडेचार भाग करावेत आणि एक भाग ही खिडकीची रुंदी धरावी. उंची त्या रुंदीच्या दुप्पट आणि वर आणखी तिचा सहावा हिस्सा. खोली 12 फूट रुंद असेल तर खिडकी 2 फूट 8 इंच रुंद आणि सुमारे 5 फूट 9 इंच उंच येते. खिडकी कोपऱ्यापासून लांब ठेवावी, आणि माडी असेल तर वरची खिडकी खालच्या खिडकीच्या बरोबर वर यावी, म्हणजे भाराखाली भिंत राहते, पोकळी नाही.

मात्र दर्शनी खांबांची नक्कल करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. खानापूरकडच्या पावसात उंच खांबांच्या मधून तिरकी सर थेट दारावर येते. तेथे कौलांची पागोळी भिंतीपासून किमान तीन फूट बाहेर हवी आणि सोपा बुटका हवा. अथणीकडे पाऊस कमी, तेथे माळवद चालते. दर्शनी बाजूला भारदस्तपणा येतो तो दोन्हीकडच्या सारख्या खिडक्यांनी आणि मधोमध असलेल्या दाराने, आणि तेवढा जांभ्यातही आणता येतो.

शेवटी वीज. क्लँडनमध्ये लेओनीने 40 फूट लांब, तेवढेच रुंद आणि तेवढेच उंच संगमरवरी दालन बांधले होते. 29 एप्रिल 2015 रोजी तळघरातल्या सदोष वीज-वितरण फलकातून आग लागली, ती घरातल्या पोकळ्यांतून वर चढली आणि जवळजवळ सगळे घर आतून जळून गेले. आपल्या घरांत तर कडीपाट, तुळया, माळ्यावरची वैरण, सगळे जळणारेच. म्हणून फलक सोप्यातल्या दगडी किंवा विटांच्या भिंतीवर, लाकडापासून दूर बसवावा, तारा नळीतून न्याव्यात, जुनी कापडी आवरणाची तार एकही राहू देऊ नये, आणि वैरण माळ्यावरून उतरवून गोठ्यापलीकडे गंजीत रचावी.