कॅलिफोर्नियातील सलिनास खोऱ्यातील मानसोपचार विभागात नव्याने रुजू होणाऱ्या मराठी सहकाऱ्यांसाठी

जे-१ या प्रशिक्षणार्थींच्या व्हिसावरील प्रशिक्षण संपवून, तीन वर्षांच्या सेवेच्या अटीवर आपल्याकडील काही डॉक्टर कॅलिफोर्नियातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत येतात. परिचारिका आणि समाजकार्यकर्तेही येतात. घर, गाडी आणि किराणा यांविषयी तुम्हांला कोणीही सांगेल. नैराश्य, चिंता किंवा दारूचे व्यसन घेऊन आलेल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, रुग्णाला लैंगिक आरोग्याच्या तपासण्यांविषयी विचारणे, हे एक काम मात्र नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक मराठी सहकारी टाळताना मी पाहिला आहे, म्हणून त्याविषयीच लिहितो.

हे काम शरीराच्या डॉक्टरांचे आहे, असे मनात येईल. परंतु आपले अनेक रुग्ण दुसऱ्या कोणत्याच डॉक्टरकडे नियमित जात नाहीत. अमेरिकेच्या लोकसंख्येत लॅटिनो समाज सुमारे एक पंचमांश आहे आणि अलीकडील वर्षांत एचआयव्हीच्या नव्या लागणींत त्याचा वाटा सुमारे एक तृतीयांश आहे. १३ ते ६४ वयाच्या प्रत्येकाची एकदा तरी एचआयव्ही तपासणी व्हावी, ही सीडीसीची (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेची) शिफारस २००६ पासूनची आहे. लैंगिक संबंध असलेल्या पंचविशीच्या आतील स्त्रियांची क्लॅमिडिया व गोनोरिया या लैंगिक संसर्गांसाठी दरवर्षी तपासणी करावी. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचा घशाचा आणि गुदद्वाराचाही स्वॅब घ्यावा, कारण केवळ लघवीच्या तपासणीत तेथील संसर्ग सापडत नाही. भ्रम किंवा भास प्रथमच दिसू लागलेल्या रुग्णाच्या पहिल्याच रक्तनमुन्यात सिफिलिस (गरमी) व एचआयव्हीची तपासणी असलीच पाहिजे. मेंदूपर्यंत पोहोचलेला सिफिलिस हुबेहूब मनोविकारासारखा दिसू शकतो.

आपला संकोच आपल्या संस्कारांतून येतो. समोर विवाहित, चर्चला जाणारी, चाळिशीची स्त्री बसली की हिला काय विचारायचे, असे वाटते. पण आपले अनेक रुग्ण शेतमजूर आहेत. या खोऱ्यातील लेट्यूस या पालेभाजीचा हंगाम हिवाळ्यात ॲरिझोनातील युमाकडे सरकतो आणि त्याबरोबर तोडणीचे मजूरही जातात, त्यामुळे पती-पत्नी कित्येक महिने वेगळी राहतात. काही स्त्रियांवर सीमेकडे येताना वाटेत अत्याचार झालेले असतात आणि त्या ते कोणाशी बोललेल्या नसतात. चेहऱ्यावरून निवड करू नका. पहिल्या भेटीत, नातेवाईक बाहेर गेल्यावर, प्रत्येकाला त्याच शब्दांत विचारा आणि हे सर्वांनाच विचारले जाते, हेही सांगा. नैराश्यावरील सर्ट्रालीन किंवा भ्रम-भासांवरील रिस्पेरिडोनमुळे लैंगिक इच्छा कमी झाल्याने औषध सोडणारा रुग्णही तेव्हाच बोलू लागतो.

एक चूक मात्र कधीही करू नका. नैराश्याच्या उपचारासाठी येणाऱ्या एका गरोदर स्त्रीची सिफिलिस तपासणी प्रसूती विभागाने केली असेल, असे आमच्या विभागाने गृहीत धरले. तिच्या तेथील भेटी चुकल्या होत्या आणि बाळ संसर्ग घेऊनच जन्माला आले. पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनी हे टळले असते. गरोदर रुग्ण असेल तर निकाल स्वतः डोळ्यांनी पाहा. पहिल्या भेटीत, अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास आणि प्रसूतीच्या वेळी, अशी तिन्ही वेळची तपासणी झाली का, ते पाहा. ‘झाली असेल’ हे उत्तर स्वतःलाही देऊ नका.

दुभाष्याविषयीही माझा आग्रह आहे. मुलगी चुणचुणीत आहे, इंग्रजी छान बोलते, म्हणून तिच्याकरवी आईला हे प्रश्न विचारणे अन्यायाचे आहे. पतीकरवी विचारणे धोक्याचे ठरू शकते. या खोऱ्यात मेक्सिकोतील वाहाकाहून आलेल्या अनेकांची भाषा मिश्तेको किंवा त्रिकी ही तेथील आदिवासी भाषा असते आणि स्पॅनिशमध्ये ते केवळ होकार भरतात. स्थानिक दुभाषी रुग्णाच्याच गावचा निघू शकतो, म्हणून रुग्णाचे नाव न सांगता फोनवरील दुभाष्याचा पर्याय द्या.

स्थलांतराच्या कागदपत्रांविषयीच्या भीतीचा विषय स्वतःहून काढून बोला. एचआयव्हीमुळे अमेरिकेत प्रवेश नाकारण्याचा नियम जानेवारी २०१० मध्ये रद्द झाला, हे अनेकांपर्यंत आजही पोहोचलेले नाही. काही आजारांची नोंद काउंटीच्या (जिल्ह्याच्या) आरोग्य खात्याकडे करावीच लागते. ती रोगनियंत्रणासाठी असते, हे तपासणीपूर्वीच सांगा. खर्चासाठी फॅमिली पॅक्ट ही राज्याची कुटुंबनियोजन योजना आहे आणि तिच्यात स्थलांतराचा दर्जा आड येत नाही. कॅलिफोर्नियात बारा वर्षे पूर्ण झालेली मुले या तपासण्यांना स्वतः संमती देऊ शकतात.

आपल्यातील काहीजण नोकरीच्या व्हिसावर आल्याच्या अभिमानाने या रुग्णांकडे वरून पाहतात, याचे मला फार वाईट वाटते. ज्यांनी तोडलेली भाजी हा देश रोज खातो, त्यांनाच तो उपचारासाठी चार खिडक्यांपुढे उभे करतो. आपण पाचवी खिडकी होऊ नये.

निकाल कळवण्याची सोय नमुना घेतानाच ठरवा. एका खोलीत अनेकजण राहतात आणि फोनही सामायिक असतो. म्हणून कोणत्या क्रमांकावर, किती वाजता फोन करायचा आणि निरोप ठेवायचा की नाही, हे लिहून घ्या. मजुरांची टोळी युमाला कधी निघणार, तेही विचारा, म्हणजे पेनिसिलिनच्या आठवड्यागणिक तीन मात्रा लागल्या, तर उरलेल्या मात्रा तेथील दवाखान्यात देण्याची व्यवस्था आधीच करता येईल.