दोनशे चिंचोके: देशाची आणि जगाची विषमता कशी ताडून पाहायची

जुलै २०२५ मध्ये तास संपल्यावर बारावीतल्या एका मुलीने फोन माझ्यापुढे धरला. "मॅडम, समानतेत भारत जगात चौथा आलाय. मग आपण विषमतेचा धडा का शिकतोय?" प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी मी चिंचोक्यांची पिशवी घेऊन वर्गात गेले. तुम्हीही घरी हे करून बघा.

त्याआधी एक गोष्ट तपासा: आकडा कशाचा आहे? त्या बातमीतला भारताचा गिनी गुणांक २५.५ होता. शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, १०० म्हणजे सगळं एकाकडे. पण हा आकडा २०२२-२३ च्या उपभोग खर्चाचा, उत्पन्नाचा नव्हे. ब्राझील, अमेरिका यांचे आकडे उत्पन्नाचे असतात. म्हणजे एकाच्या शेंगा टरफलासकट जोखायच्या आणि दुसऱ्याच्या सोलून. शेतमजूर बाई मुलीच्या लग्नाला उसनं काढते, तेव्हा तिचा खर्च कमाईच्या वर जातो. आडत्या मात्र कमाईतला थोडाच भाग खर्चतो, बाकी जमिनीत आणि सोन्यात घालतो. खर्च मोजला की दोघं जवळ आलेले दिसतात. म्हणून खर्चाशी खर्च, उत्पन्नाशी उत्पन्न. यात तडजोड नाही.

आता चिंचोके. दहा मुलं रांगेत उभी करा, सर्वांत श्रीमंत एका टोकाला. दोनशे चिंचोके म्हणजे देशाचं एकूण उत्पन्न. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालाप्रमाणे (कर कापण्याआधीचं उत्पन्न, फक्त प्रौढांचं) भारतात वरच्या १० टक्क्यांना ५७ टक्के आणि खालच्या निम्म्या लोकांना १३ टक्के मिळतात. म्हणजे श्रीमंत टोकाच्या एकाला ११४, दुसऱ्या टोकाच्या पाच जणांना मिळून २६, मधल्या चौघांना ६०.

मग तेच चिंचोके गोळा करून जगासाठी वाटा. इथे देश विसरायचे. सगळं जग एकच गाव आणि ही दहा मुलं म्हणजे त्या गावची माणसं. वरच्याला ५२ टक्के, म्हणजे १०४. खालच्या पाच जणांना ८.५ टक्के, म्हणजे सगळ्यांत मिळून १७. मधल्यांना ७९.

इथे वर्ग गप्प झाला, आणि तुम्हीही जरा थांबा. वरच्याचा वाटा पाहिला तर भारत जगापेक्षा जास्त विषम. पण वरच्याला खालच्या एकेकाच्या किती पट मिळालं ते काढा: भारतात जवळपास २२ पट, जगात ३० पटींहून जास्त. मोजपट्टी बदलली आणि उत्तर उलटलं! म्हणून नुसतं "कोण जास्त विषम" असं विचारू नका, कोणत्या मापाने तेही सांगा. मला सगळ्यात लागले ते मधले चौघे: जगात प्रत्येकी जवळपास २०, आपल्याकडे १५.

जगातल्या तळाचे हाल जास्त, कारण तिथे दोन दऱ्या एकावर एक येतात: देशातली आणि देशादेशांतली. त्याच अहवालात १९८० साली जागतिक विषमतेचा निम्म्याहून जास्त भाग देशादेशांमधला होता. २०२० पर्यंत तो साधारण एक तृतीयांशावर आला. उरलेली विषमता प्रत्येक देशाच्या आतली. म्हणूनच सगळ्या देशांच्या गिनीची सरासरी म्हणजे जगाचा गिनी नव्हे. सरासरीत देशादेशांतली दरी गळून पडते.

चलनाचंही बघा. बाजारात डॉलरला ८० हून जास्त रुपये पडतात, पण क्रयशक्तीच्या हिशेबात भारतासाठी साधारण २० रुपये धरतात, कारण अमेरिकेत डॉलरला जेवढं येतं तेवढं इथे त्या आसपास येतं. बाजारभावाने हिशेब केला तर जगातली दरी आहे त्याहून मोठी दिसते.

आकडे वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. भारत आणि जग दोन्ही निवडा, वर्ष एकच ठेवा, 'करपूर्व उत्पन्न' हेच माप दोन्हीकडे असल्याची खात्री करा. त्या मुलीने तसंच केलं, आणि दुसऱ्या दिवशी ब्राझीलसाठी माझ्याकडे चिंचोक्यांची पिशवी मागितली.