ताकाराझुका पहिल्यांदा बघायला जाताय? मग हे वाचून जा (कौतुक पण आहे, कटकट पण)

ओसाकात आल्यापासून जो मराठी माणूस भेटेल त्याच्यापाशी मी ताकाराझुकाचं पुराण लावते आणि मग तो विचारतो की जायचं कसं, तिकीट कुठून काढायचं, जपानी येत नाही तर काही कळेल का. व्हॉइस नोट पाठवून पाठवून घसा बसला म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. फक्त आधीच सांगते, मी डोळे झाकून आरती ओवाळणारी फॅन नाही. मला हे प्रकरण जाम आवडतं आणि तितकंच खटकतं पण.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. ताकाराझुका म्हणजे जपानमधली फक्त बायकांची नाटक कंपनी. सगळी नाटकं संगीत, सगळ्या भूमिका बायकाच करतात, पुरुषांच्या सुद्धा. इचिझो कोबायाशी नावाच्या रेल्वेवाल्याने 1913 मध्ये मुलींचं हे पथक काढलं, कारण त्याची लाईन ताकाराझुका नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात संपायची आणि तिथवर जायला लोकांना काहीतरी कारण हवं होतं. तिथला इनडोअर स्विमिंग पूल चालला नाही, मग त्याचंच थिएटर केलं आणि 1914 ला पहिला प्रयोग. आणि गंमत बघा, आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळी पण 1913 चीच! इकडे नारायणराव शालू नेसून भामिनी होतायत आणि तिकडे पोरी तलवार लटकवून राजपुत्र होतायत. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग त्यात नवल ते काय.

आता कामाचं. पहिला प्रयोग असा निवडा ज्याची गोष्ट तुम्हाला आधीच पाठ आहे. थिएटरमध्ये सबटायटल नसतात आणि गाण्यातलं जपानी तर शिकलेल्यांना पण नीट कळत नाही. आपल्या लोकांचं नशीब म्हणजे होशी ग्रुपने (एकूण पाच ग्रुप आहेत, हाना, त्सुकी, युकी, होशी, सोरा, म्हणजे फूल, चंद्र, बर्फ, तारा आणि आकाश) 2017 ला 'ओम शांती ओम' केलं आणि 2024 च्या जानेवारीत चक्क 'आरआरआर'. खोटं नाही सांगत. मी तेच बघायला गेले होते, आणि माझ्या डोक्यातला सगळा गोंधळ पण त्यातूनच आलाय, त्यावर येतेच.

तिकीट ही खरी परीक्षा. नव्या शोची तिकिटं आधी लॉटरीत जातात, मग उरलेली जनरल सेलला येतात आणि लोकप्रिय शो असला की बघता बघता संपतात. तारीख जाहीर झाली की अलार्म लावा, शनिवार-रविवारचा हट्ट सोडा, मधल्या वारी दुपारचा शो बघा. पैसे कमी असतील तर दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या बी सीट घ्या, लाजू नका, तिथून कवायतीसारखे नाच उलट जास्त छान दिसतात. कोणाकडून ब्लॅकने मात्र घेऊ नका, 2019 पासून जपानमध्ये जादा पैसे घेऊन तिकीट विकण्याविरुद्ध कायदाच आहे. तिकीट नाहीच मिळालं तर काही प्रयोग थिएटरमधून थेट सिनेमागृहात दाखवतात, तिथे क्लोजअप मिळतात, पॉपकॉर्न मिळतं, माझी मैत्रीण तर म्हणते की तेच बरं.

जायचं कसं तर ओसाकातल्या उमेदा स्टेशनहून हांक्यू कंपनीची मरून रंगाची ट्रेन, साधारण पस्तीस मिनिटं, शेवटचं स्टेशन, त्यामुळे डुलकी लागली तरी चुकत नाही. तिथून हाना नो मिची म्हणजे फुलांच्या रस्त्याने चालत थिएटर. टोकियोत राहणाऱ्यांनी कंपनीचं तिथलं हिबियाचं थिएटर गाठावं, पण जमलं तर मूळ गावीच जा. अडीच हजारांवर सीटचं ते अवाढव्य थिएटर आणि रांगेत नव्वद टक्के बायका, पोरीबाळींपासून काठी टेकत आलेल्या आज्यांपर्यंत, असं चित्र मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

आत गेल्यावर फोन बंद, फोटो नाही. पाठ खुर्चीला टेकून बसायचं, पुढे झुकलात तर मागच्याला दिसत नाही आणि जपानी माणूस तोंडाने बोलणार नाही पण त्याचं ते न बोलणं तुम्हाला ऐकू येईल. ऑपेरा ग्लास भाड्याने मिळतो, घ्याच. टाळ्या मनाला येईल तेव्हा वाजवायच्या नसतात, टॉप स्टार म्हणजे ग्रुपची मुख्य हिरो एंट्री घेते तेव्हा सगळे वाजवतात, गाण्यात ठेक्यावर वाजवतात, शेजारच्या काकूंकडे बघा आणि त्या करतील तसं करा. शिट्टी नको!! (मी नाही मारली. माझ्यासोबतच्याने मारली.)

कार्यक्रम बहुतेक वेळा दोन भागांचा, आधी नाटक, मग अर्ध्या तासाचा इंटरव्हल, मग नुसता नाचगाण्याचा रेव्यू. शेवटी 26 पायऱ्यांचा जिना झगमगत येतो आणि त्यावरून सगळ्या उतरतात, सर्वात शेवटी टॉप स्टार, पाठीवर पिसांचा डोलारा घेऊन, आणि खाली एकदा सुद्धा न बघता. तो क्षण बघून रडू आलं तर येऊ द्या, मला दरवेळी येतं.

आता 'आरआरआर'. तीन तासांचा सिनेमा दीडेक तासात बसवलाय, आणि भीमच्या बाजूने सांगितलाय, त्यामुळे रामचा भाग बराच आटलाय आणि जेनीसोबतचं प्रेम फुगलंय. साहजिक आहे, इथे टॉप ओतोकोयाकु म्हणजे पुरुष भूमिका करणारी, आणि टॉप मुसुमेयाकु म्हणजे स्त्री भूमिका करणारी, यांची जोडी मध्यभागी लागतेच. भीम झाली होती रेई माकोतो. ही बाई नाटू नाटूला ज्या ताकदीने नाचली ना, मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. गळा पण तसाच. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. मी चंद्रपूरची. कोमराम भीम हा आमच्या शेजारच्या आदिलाबादचा खरा गोंड माणूस, जल जंगल जमीन म्हणत निजामाशी लढला आणि 1940 ला मारला गेला, तरुणपणी काही दिवस आमच्या चांद्याला येऊन राहिला होता असं सांगतात. आमचं राजुरा तर एके काळी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. त्याला सिनेमाने आधीच इंग्रजांशी लढवला, निजाम गायब, आणि मग तोच माणूस जपानमध्ये येऊन रोमँटिक हिरो झाला. सावळी पात्रं असली की चेहरा गडद रंगवायची ताकाराझुकाची जुनी सवय आहे, ती मला कधीच पचली नाही, मग गोष्ट आफ्रिकेतली असो की आपल्याकडची. आणि तरी, भीमला फटके बसतात आणि तो गुडघे टेकत नाही तिथे शेजारच्या काकू रुमाल काढून रडत होत्या, त्यांना गोंड म्हणजे कोण हे बहुधा माहीत पण नसेल, आणि मी पण रडत होते. काय करायचं याचं?

माझा उपाय सांगते. इंटरव्हलमध्ये राग काढायचा नाही, बेंटो म्हणजे जपानी डबा खायचा. घरी येऊन खऱ्या माणसाबद्दल वाचायचं आणि ज्यांच्यासोबत बघितलं त्यांना सांगायचं. मी ऑफिसमधल्या दोन जपानी मैत्रिणींना आदिलाबादचा नकाशा काढून दाखवला, त्यातली एक आता मला गोंड चित्रांचे फोटो पाठवत असते.

दुसरी गोष्ट जड आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सोरा ग्रुपमधल्या 25 वर्षांच्या एका कलाकाराने जीव दिला. घरच्यांनी सांगितलं की कामाचे तास अमानुष होते आणि सीनियर्सचा छळ होता. नोव्हेंबरमध्ये कंपनीने कामाचा ताण मान्य केला पण छळ झाल्याचं दिसत नाही म्हणाली, आणि मार्च 2024 ला शेवटी तेही मान्य करून माफी मागितली. म्हणजे मी जानेवारीत ठेक्यावर टाळ्या वाजवत होते तेव्हा ते घरचे लोक अजून उत्तराची वाट बघत होते. त्या कलाकारांना तिथे अजून 'विद्यार्थिनी' म्हणतात, लग्न करायचं तर सोडून जावं लागतं, आणि ज्या शिस्तीमुळे सगळ्यांचे पाय एका रेषेत उठतात तीच शिस्त कोणाच्या तरी मानेवर बसलेली असू शकते. हे एकदा कळलं की जिन्यावरून उतरणाऱ्या रांगेतली अगदी टोकाची मुलगी दिसायला लागते.

म्हणून ऑपेरा ग्लास फक्त टॉप स्टारवर रोखून बसू नका. नाटकात निदान एक गाणं मागच्या ओळीकडे बघा, प्रोग्राममधून एका ज्युनियर मुलीचं नाव शोधून लक्षात ठेवा. मुसुमेयाकुंकडे तर नक्की बघा, त्यांचं सगळं कौशल्य समोरचीला उंच आणि पुरुषी दाखवण्यात जातं, स्वतः अर्धं पाऊल मागे राहून, आणि टाळ्या मात्र पुढचीला. शो संपल्यावर कलाकारांच्या दाराशी ताटकळत उभं राहू नका, त्यांना घरी जाऊ द्या. अभिप्राय कळवायची सोय असते, तिथे नाचाचं कौतुक लिहा आणि सुट्ट्यांबद्दल पण विचारा, मोडक्या जपानीत लिहिलं तरी चालतं, मी लिहिलंय. प्रयोग त्यांनी आठवड्याला दहाचे नऊ केले होते, म्हणजे ओरडलं की थोडं तरी हलतं.

आणि नकोच वाटलं तर जाऊ नका, खरंच. मी मध्ये काही महिने गेले नव्हते. माझी एक मैत्रीण कायमची सोडून बसलीय, तिला मी एकदाही चल म्हटलं नाही.

जाणार असाल तर परतीचं एक लक्षात ठेवा, शो सुटला की अख्खी गर्दी एकाच ट्रेनला धावते, त्यापेक्षा नदीवरच्या पुलावर दहा मिनिटं उभे राहा, पुढच्या गाडीत बसायला जागा मिळते. मी तिथूनच आईला फोन लावते. आरआरआरच्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "मग त्या भीमला तिथे गोंडी येत होती का गं?"